शोर कमी करावा

"काका, आपण आता कुत्र्यांचं काहीतरी काढायला हवं," धाकट्या बाई म्हणाल्या.

"आवारात पुन्हा शिरली का?" मिलिमीटर खुर्चीतून अर्धे उठले. "वॉचमनला सांगतो, काठी घेऊन जाईल."

गैरसमजाला सुरुवात झाली ती अशी पहिल्याच वाक्यापासून. धाकट्या बाईंना कुत्री बाहेर काढायची नव्हती, कुत्र्यांसाठी माल बाजारात काढायचा होता. खेळणी. रबरी, चावायची, ओढायची, अंगणभर घेऊन पळायची खेळणी. वडिलांनी कारखाना त्यांच्या हाती सोपवल्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं होतं की नळ बनवणारे लोक आता रबरी वॉशर घेईनासे झालेत. उलट पाळीव प्राण्यांचं सामान विकणारी एक मोठी पेढी होती, तिला खेळणी हवी होती. सहा आठवड्यांत नमुने दाखवायचे होते.

"ड्रॉइंग तुम्हाला जमलं तर उत्तमच," बाई म्हणाल्या. त्या फार गोड बोलत, त्यामुळे त्यांचं बोलणं पोचायला जरा वेळ लागे. "नाहीतर बाहेरून तयार डिझाइन घेऊ. मग तुमच्या टेबलाची जागा मोकळी होईल. गोदामात पोती मोजायला एक विश्वासू माणूस हवाच आहे."

मिलिमीटर हे त्यांचं नाव नव्हतं, हे सांगायला हवं. नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. पण जो माणूस घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी "पडदा डावीकडे तीन मिलिमीटर उतरलाय" असं म्हणतो, त्याला लोक दुसरं काय म्हणणार? एकतीस वर्षं ते वॉशरची ड्रॉइंग काढत होते. एक उतरतं टेबल, एक दिवा, एक डुगडुगणारं स्टूल आणि ते स्वतः मिळून कारखान्याचा आरेखन विभाग होत असे. त्यांनी काढलेले वॉशर घरोघरच्या नळांत होते, आणि ते कुणीही पाहिलेले नव्हते. वॉशर चांगला असला की दिसत नाही, आणि दिसला की तो बिघडलेला असतो. या गोष्टीचं मिलिमीटरांना मनातून वाईट वाटे, पण ते कधी बोलले नव्हते. गोदामाचं नाव ऐकताच मात्र ते खुर्चीत ताठ बसले.

"जमेल," ते म्हणाले. "न जमायला काय झालं? कुत्रं म्हणजे शेवटी एक तोंडच."

आयुष्यात त्यांनी कुत्र्याला हात लावलेला नव्हता.

*

"अहो, पण कुत्रं कुठून आणणार?" बायकोने विचारलं. तिचे प्रश्न नेहमी असे थेट मर्मावर येत. "तुम्ही काढाल ते चावून बघायला कुणीतरी नको का? माझ्याकडे बघू नका."

इमारतीत कुत्रं एकच होतं, आणि तीच खरी पंचाईत होती. खालच्या मजल्यावर हेडबाई राहत. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, पण ते फक्त वयापुरतं आणि कागदपत्रांपुरतं. त्यांच्या कुत्र्याचं नाव मुकादम. पिवळसर, आडव्या बांध्याचं, रुंद तोंडाचं ते कुत्रं स्वतः काडीचं काम करत नसे. पण इमारतीत कुणी रंग लावत असो, गाडी धूत असो, खिळा ठोकत असो, तिथं जाऊन समोर बसे आणि काम संपेपर्यंत नजर हलवत नसे. काम थांबलं की भुंके.

या भुंकण्याबद्दल मिलिमीटरांनी सोसायटीकडे तीन अर्ज केले होते. साधेसुधे नव्हेत, 'सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटांनी सलग नऊ वेळा' अशा नोंदींसकट. सेक्रेटरींनी ते अर्ज हेडबाईंकडे उत्तरासाठी पाठवले होते, आणि हेडबाईंनी लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवून ते मिलिमीटरांच्या दाराखालून आत सरकवले होते. तिसऱ्या अर्जावर 'प्रगती समाधानकारक नाही' असा शेरा होता.

तर अशा घराची बेल दाबायची होती. मिलिमीटर दारासमोर पाच मिनिटं उभे राहिले. बेल दाबली ती शेवटी मुकादम आतून भुंकायला लागला म्हणून.

"या, तक्रारदार," हेडबाई म्हणाल्या. "चौथा अर्ज हातोहात द्यायला आलात?"

मिलिमीटरांनी सगळं सांगितलं. गोदामाचं सांगायचं नाही असं ठरवून आले होते, तेही सांगून बसले. हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मुकादमही त्यांच्याशेजारी बसून बघत होता. कुणाची नजर जास्त कडक, हे ठरवणं अवघड होतं.

"म्हणजे ज्याचं तोंड बंद करा म्हणत होतात, त्याच्याच तोंडात आता तुम्हाला काहीतरी घालायचंय."

"हो," मिलिमीटर म्हणाले.

"मुकादम मिळेल. पण प्रत्येक प्रयोग माझ्या देखत होईल, आणि वहीत मी नोंद करीन."

*

पहिलं खेळणं आठ दिवसांत तयार झालं. मिलिमीटरांनी त्यावर फार विचार केला होता. कुत्र्याला काय आवडतं, ते कसं पकडतं, कुठून ओढतं, यावर त्यांनी ग्रंथालयातून आणून दोन पुस्तकं वाचली होती. हे सगळं डोक्यात ठेवून ते टेबलाशी बसले, पेन्सिल हातात घेतली, आणि एक वॉशर काढला.

मोठा होता, हे खरं. ताटलीएवढा होता. पण होता वॉशरच. बाहेरचा व्यास एकशे चाळीस, आतला बासष्ट, जाडी पंचवीस. बासष्ट हा आकडा कुठून सुचला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकतीस वर्षांच्या सवयीने हातच तो लिहून मोकळा झाला.

हेडबाईंच्या दिवाणखान्यात ते कडं जमिनीवर ठेवलं गेलं. मुकादम आला. त्याने वास घेतला, आणि वास घेता घेता भोकात नाक घातलं. कडं सरकलं, जबड्यावर चढलं आणि बसलं. कसं बसलं? तर नळात वॉशर बसावा तसं. मुकादमने तोंड उघडायचा प्रयत्न केला. उघडेना. त्याने भुंकायचा प्रयत्न केला. बाहेर फक्त "म्फ" असा आवाज आला. ज्या हातांनी जन्मभर नळातून थेंब गळू दिला नव्हता, त्यांनी आता भुंकणंही गळू दिलं नाही.

हेडबाई उठून उभ्या राहिल्या. "तीन अर्ज करून जे साधलं नाही, ते रबराने साधलंत!"

"अहो, देवाशपथ, माझ्या मनातही..."

"तुमच्या हातात होतं. तेवढं पुरे."

जनावरांची डॉक्टरीण दोन गल्ल्या सोडून होती. तिघं तिथं गेले. मधला तोंडाला कडं घालून, आणि रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते ते मात्र मिलिमीटरांकडे. डॉक्टरीणबाईंनी साबणाचं पाणी लावलं, कडं एका हाताने फिरवत फिरवत काढलं, आणि मग हसू आवरून विचारलं, "हे कुणी बनवलं?"

हेडबाईंनी बोट दाखवलं.

"बघा काका, पहिली गोष्ट, जबडा आत जाईल असं भोक नको. दुसरी, घशात जाईल इतकं लहान नको. तिसरी, अंगठ्याचं नख दाबून बघायचं. ठसा उमटला तर ठीक. नाहीतर कुत्र्याची दाढ फुटते." असं म्हणून त्यांनी कड्यावर नख दाबलं, आणि नख तुटलं. "हे तर बुटाची टाच आहे!"

तेही बरोबर होतं. रबर किती कडक आहे हे मोजायचं घड्याळासारखं एक यंत्र असतं. त्याची टोचणी रबरावर दाबली की काटा आकडा दाखवतो. ते माप ज्याच्या नावाने ओळखतात त्या माणसाचं आडनाव परदेशी होतं, आणि कारखान्यात त्याचं कधीच 'शोर' होऊन गेलं होतं. शोर ऐंशी म्हणजे बुटाची टाच. शोर साठ म्हणजे गाडीचं टायर. शोर तीस म्हणजे पुडीला गुंडाळायचं रबर. मिलिमीटरांच्या कारखान्यात कुणी "शोर कमी करा" असं ओरडलं, तर कुणाचं बोलणं थांबत नसे; फोरमन रबराच्या मिश्रणातली कडकपणा आणणारी भुकटी कमी करत असे. एवढं ध्यानात ठेवावं, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

*

जबड्यात अडकलेल्या कड्याची बातमी इमारतभर झाली, आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. आपल्याकडे माणसाला पोटदुखी झाली तरी सल्ले मिळतात. कुत्र्याच्या खेळण्याबाबत तर प्रत्येकजण जाणकार निघाला. समोरचे निवृत्त बँकवाले म्हणाले, हाडाच्या आकाराचं करा. वरच्या काकू म्हणाल्या, हाड कशाला, माझी डावी चप्पल घेऊन जा नमुन्याला; गेल्या वर्षात त्या मेल्याने चार नेल्या, आणि चारही डाव्याच. कुणी म्हणालं लाल रंग द्या, उठून दिसतो. कुत्र्याला लाल रंग धड दिसतच नाही, निळा आणि पिवळा तेवढा नीट दिसतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं होतं, पण ते सांगायला गेल्यावर "तुम्हाला कुत्र्याने सांगितलं का?" असा प्रश्न आला. मिलिमीटरांनी हात टेकले.

कामाचा सल्ला एकच निघाला, आणि तो घरातून आला. "वाजलं पाहिजे," बायको म्हणाली. "तान्ह्या मुलाला खुळखुळा का देतात? आपण दाबलं आणि त्याने उत्तर दिलं, असं वाटायला हवं."

मिलिमीटरांनी बायकोकडे नव्याने पाहिलं. मग ते व्हर्निअर, म्हणजे दोन पोलादी जबड्यांत वस्तू धरून माप घ्यायचं आपलं हत्यार, घेऊन खाली गेले आणि मुकादमच्या तोंडाची मापं घेतली. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत, दाढेपासून दाढेपर्यंत. मुकादमने फारच सहकार्य केलं. कुणीतरी काम करत होतं आणि ते त्याच्याच तोंडात चाललं होतं, यापेक्षा जास्त देखरेख करणं शक्य नव्हतं.

या वेळी पेन्सिलीतून वॉशर आला नाही. तीन बटाटे एकमेकांना चिकटावेत तसा एक आकार आला, मधून पोकळ, पोटात शिट्टी. आणि कुठेही कोपरा नाही. कोपरा आला की तिथून चीर जाते, हे मिलिमीटरांना जन्मभराच्या अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक वळण त्यांनी पुन्हापुन्हा गोल केलं. तीन रात्री जागून नव्हे, तीन दुपारी जेवायला न उठता. ड्रॉइंग पुरं झाल्यावर ते बराच वेळ त्याकडे बघत बसले. आपण काढलेली वस्तू आपल्याला आवडली, असं त्यांच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

अडचणी अर्थात आल्याच. साचा करणाऱ्या कारागिराने विचारलं, पोकळ करायचं ते ठीक, पण पोकळीसाठी आत घातलेला लोखंडी गोळा बाहेर कोण काढणार, कुत्रं? मग दोन अर्धे भाग तापल्या साच्यात वेगळे शिजवून जोडायचे ठरलं. जोडताना शिट्टी आतच ठेवली होती. साचा तापला आणि शिट्टी वितळली. असं जोडलेलं ते पहिलं खेळणं दाबलं की नुसता लांब उसासा टाकायचं.

"हे तुमच्यावर गेलंय," हेडबाई म्हणाल्या आणि वहीत तशी नोंद केली. पण म्हणताना त्या किंचित हसल्या, असं मिलिमीटरांना वाटलं.

मग शिट्टी शेवटी, एका छोट्या तोंडातून दाबून बसवायची युक्ती निघाली. मग रबरात विषारी काही नाही याचा दाखला हवा म्हणून तपासणी कचेरीत जावं लागलं. तिथल्या कारकुनाने खेळणं पालथं-उताणं करून पाहिलं आणि विचारलं, "वापरणाऱ्याचं वय?"

"दोन वर्षं."

"मग तीन वर्षांखालील बालकांचा अर्ज भरा. बालकाचं नाव?"

"मुकादम. पण ते बालक नाहीये हो, ते कुत्रं आहे."

"कुत्र्यांचा अर्ज आमच्याकडे नाही. बालकांचा आहे. हवा का?"

मिलिमीटरांनी हवा म्हटलं. त्यावर 'आईची सही' असा रकाना होता. हेडबाईंनी क्षणाचाही विचार न करता तिथं वळणदार सही ठोकली. दाखला चौथ्या दिवशी मिळाला. बालकाची प्रकृती उत्तम असल्याचं त्यात आवर्जून लिहिलं होतं.

*

शिट्टीवालं, शोर पंचावन्नचं, निळं खेळणं मुकादमला दिलं गेलं तो दिवस इमारतीच्या कायम लक्षात राहील. त्याने ते उचललं. दाबलं. "पीं!" मुकादमने कान टवकारले. पुन्हा दाबलं. "पीं!" मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. सकाळी पीं, दुपारी पीं, जिन्यात पीं, गच्चीवर पीं. तो भुंकायचा पूर्ण थांबला, कारण तोंड रिकामंच नव्हतं. मिलिमीटर धन्य झाले. आपल्या घरात बसून ते पीं-पीं ऐकत आणि बायकोला म्हणत, "ऐकलंस? मधला फुगवटा दाबला त्याने."

पाचव्या दिवशी सेक्रेटरींचं पत्र आलं. सेक्रेटरींना शेरोशायरीचा नाद होता, आणि 'आवाज' हा शब्द त्यांना फारच रोजच्या वापराचा वाटे. त्यांनी लिहिलं होतं:

'आपल्या खेळण्याचा शोर असह्य झाला असून तो तत्काळ निम्म्यावर आणावा. कसूर झाल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल.' खाली सही आणि सोसायटीचा गोल, जांभळा, ठसठशीत शिक्का.

एकेकाळी तीन अर्जांचा धनी असलेल्या माणसाच्या नाकाला हे पत्र भलतंच झोंबलं. "लोकांना जरा सहन करायला नको!" असं ते चक्क म्हणाले.

आता मिलिमीटर कागद वाया घालवणाऱ्यांतले नव्हते. पत्राची मागची बाजू कोरी होती. तिथं त्यांनी पेन्सिलीने फोरमनसाठी चार शब्द लिहिले, की शिट्टीचं भोक आठऐवजी सहा करावं, आणि तो कागद ड्रॉइंगला टाचणी लावून कारखान्यात धाडला. दोनशे नमुन्यांचं काम दुसऱ्या दिवशी सुरू होणार होतं. ते स्वतः पुढचे दोन दिवस खेळणी घेणाऱ्या पेढीच्या कचेरीत खेपा घालत होते.

नमुने दाखवायच्या, म्हणजे चाचणीच्या, दिवशी सकाळी ते कारखान्यात शिरले, आणि फाटकातच थबकले. हातगाडीवरून खोकी येत होती. हातगाडी खडबडीत फरशीवरून येत होती. आणि प्रत्येक फरशीला खोक्यांमधून शंभर शिट्ट्या एकदम वाजत होत्या.

मिलिमीटरांनी एक खेळणं उचललं. बोटं नुसती टेकली तोच ते वाजलं. ते मऊ होतं. लोण्यासारखं मऊ होतं. त्यांनी धावत जाऊन यंत्राची टोचणी लावली. काटा सत्तावीसवर थांबला.

"पंचावन्न सांगितला होता ना शोर!"

"होता की," फोरमन शांतपणे म्हणाला. शिक्का असलेला कागद पाहिला की उठून उभा राहणाऱ्या पिढीतला माणूस तो. "पण मग तुमचं ते कडक पत्र आलं. शोर निम्म्यावर आणा, तत्काळ, नाहीतर कार्यवाही. पंचावन्नचं निम्मं साडेसत्तावीस. अर्धा आकडा मीच सोडून दिला, म्हटलं तेवढ्यासाठी साहेब रागावणार नाहीत."

मिलिमीटरांच्या हातून खेळणं खाली पडलं आणि वाजलं.

*

पेढीचे खरेदी अधिकारी दहाला येणार होते. हेडबाई मुकादमला घेऊन नऊलाच आल्या, कारण वेळेआधी तासभर पोचायचं ही त्यांची शाळेपासूनची शिस्त. तो तास भोवला. कामगारांना नवी मौज सापडली होती. जो तो येता-जाता खोक्यात हात घालून एकेक दाबत होता. मुकादम आधी या खोक्याकडे धावला, मग त्या खोक्याकडे, मग रबर शिजवणाऱ्या प्रेसच्या मागे, मग पुन्हा पहिल्याकडे. शंभर दिशांनी पीं. पावणेदहाला त्याची जीभ बाहेर आली. दहाला तो फरशीवर पसरला आणि पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून कारखान्याकडे देखरेखीच्या नजरेने बघू लागला.

अधिकारी आले. उंच, किडकिडीत, हसण्याशी काही संबंध नसलेला माणूस. त्यांनी एक छापील तक्ता काढला. "प्राण्याने खेळणं आपणहून उचललं पाहिजे," ते म्हणाले. "पंधरा मिनिटं खेळलं पाहिजे. तुकडा निघता कामा नये. सुरू करा."

खेळणं मुकादमच्या समोर ठेवलं गेलं. मुकादमने ते पाहिलं. मग मिलिमीटरांना पाहिलं. मग जांभई दिली.

दोन मिनिटं गेली. हेडबाई म्हणाल्या, "मुकादम, घे." आयुष्यात कुणी त्यांची आज्ञा मोडली नसेल, पण आज मोडली गेली. चार मिनिटं गेली. प्रेस थांबले होते, सगळे कामगार गोल करून उभे होते. धाकट्या बाईंची नजर एकदा गोदामाच्या दाराकडे गेली, आणि ती मिलिमीटरांनी पाहिली. सहाव्या मिनिटाला अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मिलिमीटरांच्या डोळ्यांसमोर पोती उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दिसेल, कुणी तरी उचलून पळेल अशी एक वस्तू त्यांनी काढली होती, आणि ती तिथं फरशीवर पडून होती. ते सहन होईना.

त्यांनी इस्त्रीची विजार गुडघ्यांवर वर ओढली आणि ते फरशीवर गुडघे टेकून बसले. मग हात टेकले. मग, एकतीस वर्षं ज्यांनी त्यांना कधी शर्टाची बाही दुमडलेलीही पाहिली नव्हती, अशा चाळीस लोकांसमोर, त्यांनी वाकून ते खेळणं दातांत धरलं.

"पीं!"

मुकादमचा एक कान उभा राहिला.

मिलिमीटरांनी मान हलवली. पीं, पीं. ते चार पावलं, म्हणजे दोन हात आणि दोन गुडघे, मागे सरकले. मुकादम उठला. कुणीतरी काम करत होतं, आणि चुकीचं करत होतं. तो आला, आणि त्याने दुसरं टोक धरलं.

मग जे झालं ते कारखान्यात अजून सांगतात. मुकादमने ओढलं, मिलिमीटरांनी सोडलं नाही. खेळणं वीतभर ताणलं, मग दीड वीत, मग हातभर. रबर मऊ होतं म्हणूनच मिलिमीटरांचे दात जागेवर राहिले. तसेही ते थोडेच उरले होते. कोपरा कुठेच नव्हता, म्हणून चीरही गेली नाही. फोरमन "साहेब, सोडू नका!" म्हणून ओरडला. साहेब गुरगुरले. हो, गुरगुरले. ते आपल्याला ऐकू आलं तेव्हा त्यांना स्वतःलाच धक्का बसला. पण मागाहून खरं विचाराल तर त्यांना मजा येत होती, इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती. प्रेसभोवती दोन फेऱ्या झाल्या. हेडबाई वहीत काही लिहीत नव्हत्या, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

अधिकाऱ्यांनी पंधरा मिनिटं झाल्याचं सांगितलं तेव्हा मुकादमने टोक सोडलं. मिलिमीटरांनी ते थोड्या उशिरा सोडलं.

अधिकाऱ्यांनी खेळणं रुमालात धरून उजेडात पाहिलं. ओरखडे होते, तुकडा निघाला नव्हता. त्यांनी ते दाबलं. मग उगाचच आणखी एकदा दाबलं. "आमच्याकडे कडक खेळणी सोळा प्रकारची आहेत," ते म्हणाले. "पण कुत्रं म्हातारं झालं, दात गेले, की त्याच्यासाठी काही नसतं. लोक विचारत येतात आणि हात हलवत परत जातात. हे इतकं मऊ करायचं कुणाला सुचलं?"

फोरमन छताकडे बघू लागला.

"आमच्या सोसायटीची तशी लेखी सूचना होती," मिलिमीटर धापा टाकत म्हणाले.

"काका," धाकट्या बाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचं बोलणं लगेच पोचलं, "तुमच्या टेबलाजवळचं ते स्टूल डुगडुगतं. उद्या चांगली खुर्ची आणवते."

मिलिमीटरांचे डोळे भरून आले होते, आणि पुसायला गेले तर हात फरशीच्या धुळीने माखलेले. मुकादम त्यांच्या पायाशी येऊन बसला होता. त्याच्या डोक्यावर त्यांनी तोच हात ठेवला. व्हर्निअर मध्ये न घेता त्याला हात लावायची ही पहिलीच वेळ होती.

अधिकाऱ्यांनी तोवर तक्ता भरून टाकला होता आणि आरेखकाच्या सहीसाठी पुढे केला. मिलिमीटर बघितल्याशिवाय सही करणारे नव्हते. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं.

'चाचणीत भाग घेतलेल्या प्राण्यांची संख्या: दोन.

वयोगट: एक तरुण, एक वयस्कर.

दात: एकाचे पूर्ण, दुसऱ्याचे अंदाजे निम्मे.'

सगळा कारखाना श्वास रोखून बघत होता. मिलिमीटरांनी खिशातून पेन काढलं. संख्येच्या रकान्यावर ते क्षणभर घोटाळलं, मग वयाच्या रकान्यावर घोटाळलं आणि पुढे गेलं. तिसऱ्या ओळीवर मात्र ते थांबलं. मिलिमीटरांनी तोंड मिटून जीभ वरून आणि खालून, डावीकडून उजवीकडे, सावकाश एकदा फिरवली. मग 'अंदाजे निम्मे' यावर एक सरळ रेघ ओढली, शेजारी स्वच्छ अक्षरात 'एकोणीस' असं लिहिलं, आणि खाली सही केली.